बारा वाजून दहा मिनिटं

सदानंद अमोलिकने खोलीचं दार लावलं, टाय सारखा केला आणि रावजी टेमकरच्या मानेवर रुळणाऱ्या केसांच्या शेपटीकडे बघून नाक मुरडलं. रावजीने ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं करणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"केसांचाही प्रश्न आहे का यादीत?" त्याने विचारलं.

"यादीत नाही. पण यादीत नसलेल्या गोष्टीही माणसाला कळायला हव्यात, ब्रदर रावजी."

'ब्रदर' हा शब्द सदानंद असा उच्चारायचा की त्यापेक्षा शिवी परवडली.

दोघंही मॉर्मन. या पंथात पगारी पाद्री नसतो. मंडळीतल्याच एखाद्याला काही वर्षांसाठी बिशप नेमतात. सदानंद आठवडाभर मनामातल्या एका बँकेत लोकांच्या फायली तपासायचा आणि शुक्रवारी प्रार्थनेच्या व्हिलात लोकांनाच तपासायचा. शुक्रवारी, कारण बहारीनला सुट्टी शुक्रवारची, म्हणून मंडळींनी आपला पवित्र दिवसही शुक्रवारच धरलेला. त्या दिवशी काम नाही, खरेदी नाही, करमणूक नाही. चहा, कॉफी, दारू, सिगारेट तर कुठल्याच दिवशी नाही.

रावजीला यातलं काहीच जड जात नव्हतं. सलमाबादच्या गॅरेजात तो फोरमन होता. तिथे सगळे कडक चहावर जगत आणि हा गरम पाण्यात लिंबू पिळून पीत बसे. गॅरेजातले हसायचे, "रावजी, तुम ना हिंदू, ना मुसलमान, और ईसाई होके दारू भी नहीं! फिर जीते किसलिए हो?" रावजी म्हणायचा, "ढोल के लिए." आणि ते खरं होतं. आठवड्यातून एकदा, गुरुवारी, जुफेरच्या एका हॉटेलच्या बारमध्ये तो वकारच्या बँडसोबत ड्रम वाजवायचा. हार्ड रॉक. कान किटतील असं. चौपन्नाव्या वर्षी, काळ्या बनियनवर, समोर पाण्याची बाटली ठेवून.

आणि हेच सदानंदच्या डोळ्यांत सलत होतं. दोन वर्षांपूर्वी तो दुबईहून बदलून आला, बिशप झाला आणि पहिल्याच महिन्यात त्याने रावजीला मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गावरून काढलं. आधीचा अमेरिकन बिशप स्वतः गॅरेजात येऊन ड्रम ऐकून गेला होता आणि मंदिराचं कार्ड त्याने दोनदा सही करून दिलं होतं. पण ते कार्ड दोन वर्षं चालतं. रावजीचं संपलं होतं आणि आता नव्या कार्डावर सही सदानंदची लागणार होती.

ते कार्ड त्याला हवंच होतं. शिवांगीचं, त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न दीड महिन्यावर आलं होतं. नवरा मुलगा हैदराबादकडचा, पण अमेरिकेत, युटात वाढलेला, पिढीजात मॉर्मन. लग्न तिथल्या मंदिरात. मॉर्मनांच्या मंदिरात कार्डाशिवाय कोणी पाऊल टाकू शकत नाही. नवरीचा बाप असो की आई, कार्ड नसेल तर बाहेर बाकावर. दुसरा कुठलाही विधी करायचा नाही, असं मुलाच्या आईचं स्पष्ट म्हणणं होतं. म्हणजे लेकीचं लग्न बघायचं तर त्या एका खोलीत शिरणं आलं. रावजीने तशी खोली एकदा पाहिली होती, मित्राच्या लग्नात. मधे मखमलीचं छोटं आसन, त्याच्या दोन बाजूंना गुडघे टेकून बसलेली नवरा-नवरी आणि समोरासमोर लावलेले दोन आरसे, ज्यांत दोघांची प्रतिबिंबं संपतच नव्हती. तेव्हा शिवांगी सहा वर्षांची होती. त्या दिवसापासून तो या दिवसाची वाट बघत होता.

सदानंदने प्रश्न विचारायला सुरुवात केली. श्रद्धा आहे का? आहे. दारू? वीस वर्षं थेंब नाही. बायकोशी एकनिष्ठ? रावजी नुसता बघत राहिला, तेव्हा सदानंदने स्वतःच पुढचा प्रश्न घेतला.

"पवित्र दिवस पाळता?"

"पाळतो. गुरुवारी बाराला पाच कमी असताना काठ्या खाली ठेवतो. बारवाला शिव्या देतो, तरी ठेवतो."

"दर गुरुवारी?"

"दर गुरुवारी."

सदानंद खुर्चीत मागे रेलला. हा क्षण त्याने बरेच दिवस जपून ठेवला असावा. "गेल्या महिन्यात एका गुरुवारी बारा वाजून दहा मिनिटांपर्यंत वाजवलंत. शुक्रवार लागला होता. तुम्ही दारूच्या गुत्त्यात, दारुड्यांच्या फर्माइशीवर प्रभूचा दिवस बाटवलात आणि आत्ता माझ्या तोंडावर खोटं बोललात."

रावजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेली अशासाठी, की ते खरं होतं. लोकांनी सोडलंच नव्हतं, एक शेवटचं म्हणून वाजवलं आणि भानावर आला तेव्हा शुक्रवार सुरू झाला होता.

"एकदा झालं. विसरलो होतो. चूक झाली," तो म्हणाला. माफी मागताना त्याचा आवाज नेहमी भांडल्यासारखाच यायचा.

"चूक नाही, ही सवय आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा. बँड सोडा. कायमचा. दोन आठवड्यांनी या, मग पुढचे प्रश्न विचारतो."

"बँड सोडा असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"सही माझी लागते," सदानंद म्हणाला. "पुस्तकाची नाही."

रावजी उठला. दार त्याने असं आपटलं की बाहेर प्रार्थनेच्या ओळी पाठ करणारी पोरं गप्प झाली.

घरी मेधाने विचारलं, तेव्हा त्याने नुसतं "कार्ड लटकवल्यान" एवढंच सांगितलं. मेधा त्याच्या पंथातली नव्हती. मुंबईत, माझगावला असताना रावजी दारूत पार बुडालेला होता. तेव्हा पांढरे शर्ट घातलेली दोन परदेशी पोरं त्याच्या दारात आली आणि रोज येत राहिली. त्याची दारू सुटली आणि बरोबर देवही बदलला. मेधा म्हणाली होती, "तुझी दारू सुटली, माका तुझो नवो देव चलात. पण माझो गणपती माज्या फडताळात ऱ्हवतलो." तेवढ्यावर तह झाला. शिवांगी आठ वर्षांची झाल्यावर बापाच्या मागे गेली आणि बापापेक्षा कडक निघाली. मेधा शुक्रवारी घरी एकटी असायची.

"तू कायव कर, पण कार्ड घे," मेधा म्हणाली. "आपल्यापैकी एक तरी भितर होया. चेडवाक वाटता कामा नये, आपला कोणच नाय."

शनिवारी रावजी गॅरेजात गेला आणि वकारला सांगून टाकलं की आपण बँड सोडतोय. वकार लाहोरचा, डेंटिंगचं काम करायचा, गिटार वाजवायचा आणि रागावला की हातातली वस्तू फेकायचा. त्याने पाना फेकला.

"बारह साल! बारह साल का साथ, और एक कार्ड के लिए?"

"बेटी की शादी के लिए."

"तो बेटी की शादी में ढोल बजा ना, कौन बाप नहीं बजाता! ये तुम्हारा बिशप कौन होता है?" वकार येरझाऱ्या घालू लागला. "और उसको दस मिनट का हिसाब किसने दिया? कौन गया था घड़ी ले के? मुझे खुद नहीं मालूम कि बारह दस हुए थे. बारवाले को भी नहीं मालूम. तूने ही देखा होगा, तू ही घड़ी का मारा है."

रावजी कोपऱ्यातल्या सरावाच्या ड्रमचे स्क्रू सोडत होता. त्याचा हात थांबला.

घड्याळ त्यानेच पाहिलं होतं. वकारला सांगितलं नव्हतं, कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं फक्त एकदा, दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्त्याला. आंबोळी मोडता मोडता तो हसत म्हणाला होता, "काल देवाची धा मिनटां चोरलंय मी." मेधा हसली होती. शिवांगी हसली नव्हती.

मेधा व्हिलाकडे कधी फिरकायचीही नाही.

"क्या हुआ?" वकार म्हणाला.

"खलास," रावजी म्हणाला आणि ड्रम तसेच अर्धवट सोडून गाडीत जाऊन बसला.

सगळ्या वाटेवर तो स्टिअरिंगवर मुठी आपटत होता. सदानंदवर चिडायला बरं वाटत होतं; परका माणूस, त्याच्यावर दात-ओठ खाता येतात. इथे दातही आपलेच आणि ओठही आपलेच.

शिवांगी तिच्या खोलीत बॅग भरत होती. मेधा खाली भाजी आणायला गेली होती. रावजीने चपलाही काढल्या नाहीत.

"बिशपकडे तू गेली होतीस."

शिवांगीने घडी घातलेला कुर्ता बॅगेत ठेवला. मराठी तिला सगळं यायचं, पण भांडण लागलं की ती इंग्रजीत शिरायची. तिथे बाप चाचपडतो हे तिला ठाऊक होतं. "येस," ती म्हणाली. "आय डिड."

"लाज नाही वाटली? घरचा भेदी झालीस? बापाला आपल्याच लग्नातून बाहेर काढायला त्या सदानंदाच्या पायाशी जाऊन बसलीस?"

"आय टोल्ड द ट्रूथ. यू टॉट मी दॅट."

"मराठीत बोल!"

"ठीक आहे, मराठीत बोलते." तिने बॅगेचं झाकण दाणकन बंद केलं. "तू आत आलास तर बाहेर कोण बसणार, विचार केलास कधी? आई. आई एकटी. ओळखीचं कुणी नाही, इंग्रजी धड येत नाही, तिकडचे सगळे सुटाबुटातले येऊन तिला पत्रकं देणार आणि विचारणार, तुम्ही का नाही आत? आणि तू आत खुर्चीवर, डोळे पुसत."

"तिनेच मला जा म्हटलंय."

"म्हणणारच! ती काय म्हणते ते तू कधीपासून ऐकायला लागलास?" शिवांगीचा आवाज चढला. "हे सगळं घरात तू आणलंस, बाबा. तिने नाही. तू चहा सोडलास, तर तुला वास सहन होईना म्हणून ती वीस वर्षं चहा बाल्कनीत उभी राहून पिते. ऑगस्टमध्ये, ह्या उन्हात, दार लावून घेऊन! तुला ते दिसलं तरी कधी? ढोल वाजवायला तुला नियम वाकवता येतो. आईसाठी एकदा वाकवलास?"

"मग मला सांगायचंस! बाबा, बाहेर बस, म्हणून तोंडावर सांगायचंस!"

"सांगितलं असतं तर तू भाषण दिलं असतंस. वीस वर्षांची श्रद्धा, दारू कशी सुटली, ते आरसे, सगळं. आणि आईने तुला ढकलून आत पाठवलं असतं. तुला फक्त कोणी नाही म्हटलेलं कळतं. म्हणून मी नाही म्हणणारा माणूस शोधला."

"आणि मी? मी बाप नाही तुझा? मला बघायचं नसेल?"

"आईला बघायचं नसेल?" शिवांगी म्हणाली.

रावजीने हात उगारला. कशासाठी उगारला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. आयुष्यात त्याने पोरीला मारलं नव्हतं. हात हवेत राहिला आणि मग त्याने तो दाराच्या चौकटीवर आपटला. बोटं सोलवटली. शिवांगी जागची हलली नाही, रडलीही नाही. बापाचाच हट्ट होता तिच्यात, सव्वापट.

त्यानंतर बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मेधाला वाटलं कार्डावरूनच बिनसलंय. ती रावजीला दोन वेळा म्हणाली, "कित्याक इतको खंतावतस? बिशपाची पायधरणी कर, पण जा." रात्री कूस बदलताना तिचा श्वास जागा असल्यासारखा यायचा, पण रावजीने तिला काही विचारलं नाही. त्याच्या डोक्यात फक्त तो बाक फिरत होता आणि त्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलेली मेधा. कितीही झटकली तरी ती तिथून उठत नव्हती. आरसे मात्र पुसट होत चालले होते आणि याचा त्याला भयंकर राग येत होता. पोरीचाही येत होता. ती बरोबर होती म्हणून जास्तच.

दोन आठवड्यांनी सदानंदने त्याला बोलावलं. आज सदानंद खुशीत होता. रावजीने बँड सोडल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. टेबलावर कार्डांचं पुस्तक उघडून ठेवलेलं होतं आणि शेजारी पेन.

"मला तुमचा अभिमान वाटतो, ब्रदर रावजी," तो म्हणाला. "थोडं कडक वागलो, पण बघा, उपयोग झाला. केस पण कापले असते तर..." तो स्वतःच हसला. "असो. शेवटचा प्रश्न. प्रभूच्या घरात पाऊल टाकायला तुम्ही स्वतःला लायक समजता?"

रावजी त्या पुस्तकाकडे बघत राहिला. एक शब्द बोलायचा होता. पेन उचललं जाणार, सही होणार आणि दीड महिना नाही, आता महिनाभरात तो त्या खोलीत असणार. त्याला ते अजूनही हवं होतं.

"नाही," तो म्हणाला.

सदानंदचं हसू जागच्या जागी राहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे नाही. बँड सोडला होता, पण परत धरलाय. वकारला सांगून आलोय. येत्या गुरुवारी वाजवणार, पुढच्याही गुरुवारी वाजवणार. बारा वाजून दहा झाले तरी वाजवणार."

"ब्रदर रावजी, तुमच्या मुलीचं लग्न..."

"माझ्या मुलीचं नाव काढू नका!" रावजी इतक्या जोरात ओरडला की सदानंद दचकला आणि त्याच्या हाताच्या धक्क्याने पेन खाली पडलं. "तिने येऊन चुगली केली तेव्हा दार लावून ऐकलीत ना? मग आता हेही ऐका. माणूस आपल्या बापाबद्दल सांगायला येतो तेव्हा का आलास म्हणून विचारायचं असतं. तुम्ही विचारलंत? नाही. तुम्हाला नुसती दहा मिनिटं हवी होती."

"मी हे वरच्यांना कळवीन. तुमचं हे वागणं..."

"कळवा. लिहून देऊ?"

सदानंदने पुस्तक मिटलं. त्याचे कान लाल झाले होते. "मी तुम्हाला कार्ड देऊ शकत नाही," तो एकेक शब्द चावत म्हणाला.

"हेच," रावजी म्हणाला. "हेच ऐकायला आलो होतो."

घरी आला तेव्हा मेधा ओट्याशी होती आणि शिवांगी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. दोघींनीही वर पाहिलं. रावजीने टाय ओढून काढला आणि सोफ्यावर फेकला.

"त्या मेल्यान कार्ड दिल्यान नाय," तो म्हणाला.

त्यात खोटं काही नव्हतं. शिवांगीची बोटं लॅपटॉपवर थांबली. बापाने बँड सोडला होता, हे तिला माहीत होतं. मग कार्ड का नाही, याचा हिशेब ती मनात करत होती. रावजीने तिच्याकडे असं पाहिलं की एक शब्द बोललीस तर बघ. तिने माफीही मागितली नाही, आभारही मानले नाहीत. पुन्हा मान खाली घालून टाइप करू लागली, पण काय टाइप करतेय ते तिलाही कळत नसावं.

मेधाने मात्र पळी आपटली. "मेलो तो! बापाक चेडवाच्या लग्नाक जावक देना नाय? ह्यो कसलो तुमचो बिशप? त्येचां कधी बरां होवचां नाय!" आणि मग तिने सदानंद अमोलिकच्या सात पिढ्या काढल्या. तो मूळचा नगरचा, तेव्हा नगरच्या दुष्काळापासून दुबईच्या वाळूपर्यंत काही सोडलं नाही. रावजीनेही भर घातली. वीस वर्षांत दोघांनी मिळून एका माणसाला इतक्या एकदिलाने शिव्या दिल्या नव्हत्या.

मग ती दमली. पदराने गळ्यावरचा घाम पुसत तिने गॅस बारीक केला.

"खरां सांगू?" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "वायट वाटून घेव नको. पण बरां झालां. माका थंय एकटीक बसूची लय भीती वाटत होती. चार रात्री झोप नाय माका. तुका कसां सांगूचां?"

शिवांगी उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

रावजी ओट्याजवळच उभा राहिला. बायकोला कशाची भीती वाटते हे वीस वर्षांत त्याने कधी विचारलं नव्हतं. आताही त्याने विचारलं नव्हतंच, तिनेच सांगितलं.